भाच्याची सोयरीक बोलायला चाकणला

परत आल्यापासून मला गावात कोणी सुखानं भात खाऊ देत नाही. घास उचलला की दारात कोणीतरी उभी. "बाई, तिथली रेल्वे खरंच घरांच्या वरून जाते का जी?" "बाई, तिथं म्हणे सातव्या माळ्यावर न्हाणीघर असते, मंग पाणी कोणाच्या डोक्यावर पडते?" सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी म्हटलं, लिहूनच काढते एकदाचं. बचत गटाच्या बैठकीत वाचा आणि मला सोडा.

बाहेरचं कोणी वाचेल म्हणून सांगते. मी अंगणवाडी सेविका. आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, भामरागडच्याही पलीकडं, नदी उतरून मग जंगलातून पायी. आम्ही गोंड. आमच्यात भाच्यावर आत्याचा पहिला हक्क असतो. आत्याला मुलगी असेल तर ती सून होऊन आत्याच्या माहेरी जाते. मला देवानं दोन दांडगे मुलगेच दिले, त्यामुळं हक्क गेला, पण सोयरीक बोलायचा मान राहिला. त्या मानापायी मी सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा पुण्याकडं निघाली. घरी आणि गावात सांगितलं, अंगणवाडीच्या प्रशिक्षणाला चालली.

खोटं का सांगितलं तेही सांगते. माझा भाचा रैनू काही वर्षं आतल्या लोकांत होता. आतले म्हणजे जंगलातले बंदूकवाले, ज्यांना शहरात नक्षलवादी म्हणतात. मग तो पळून आला, पोलिसांना शरण गेला, कोर्टकचेरीतून निघाला, कारखान्याचं काम शिकला आणि चाकणला नोकरीला लागला. सोडून गेलेल्याला आतले माफ करत नाहीत, म्हणून तो गावी येत नाही आणि कुठं आहे ते कोणी बोलत नव्हतं. त्याची आई, माझी वहिनी, माझ्यासोबत आली नाही ती याच कारणानं. ती गाडीत बसली असती तर पोरगा कुठं आहे ते दुपारपर्यंत चार गावांना कळलं असतं.

भोसरी

नाशिक फाट्याला उतरली तर समोर टोपी, स्वेटर, पाठीवर बॅग असा एक बाबू उभा. मी त्यालाच विचारलं, "दादा, इथं रैनू नावाचा पोरगा येणार होता, पाहिला का?" तो म्हणाला, "आत्या, मीच हाय!" अगं माय! गाल असे भरलेले की मी रस्त्यावरच त्याचा गालगुच्चा घेतला. शरण आला तेव्हा जिल्ह्याला पाहिला होता, तेव्हा नुसती काठी होती.

त्याची खोली भोसरीच्या एमआयडीसीजवळ. एका खोलीत पाच जण, आणि गंमत अशी की अंथरुणं तीनच. अर्धे दिवसपाळीला, अर्धे रातपाळीला. एक उठला की दुसरा त्याच गरम गादीत. मला पाहून सगळ्यांनी भराभर वाळत घातलेल्या बनियनी ओढल्या. एक बीडचा, एक बिहारचा, दोघं नंदुरबारचे. मी म्हटलं, इथला कोणीच नाही का रे? बीडचा म्हणाला, "आत्या, इथला मालक हाय की. महिन्याला भाडं न्यायला येतो." दुपारपर्यंत मी पाचही जणांची आत्या झाली होती.

डब्यात मी लाल मुंग्यांची चटणी नेली होती. काय सांगू बायांनो! डबा उघडला आणि बिहारचा पोरगा दारापर्यंत पळाला. बीडच्यानं छातीवर हात ठेवून बोटभर चाटली, डोळे मिटले, आणि म्हणाला, "आयला, चिंचेपेक्षा भारी!" मग डब्यावर तुटून पडले. पुनावळ्याला न्यायची म्हणून मी अर्धा डबा हिसकावून घेतला.

पुनावळे म्हणजे मुलीचं घर. मुलगी स्वाती, रैनूच्याच कंपनीत माल तपासायला. दोघांनी एकमेकांना कधीच पसंत करून टाकलं होतं. तिला रैनूनं सगळं सांगितलं होतं. तिच्या आईबापांना एवढंच ठाऊक की पोरगा गडचिरोलीचा आणि निर्व्यसनी. ते बौद्ध, मराठवाड्याचे. जातीचं त्यांना काही नव्हतं. पोरं कामाला गेल्यावर रैनू गॅसजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "आत्या, त्यांना सांग. साखरपुड्याच्या आधी सांग. मी सांगायला बसतो तर तोंडच उघडत नाही."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

असं म्हणाला खरा, पण हातातली कोथिंबीर त्यानं इतकी बारीक चिरली की तिचा चिखल झाला. मला त्याची फार दया आली, आणि भीतीही वाटली. कारण नाही म्हणायला त्या माणसांकडं कारण होतंच.

चाकण

दुसऱ्या दिवशी मी हट्टच धरला, तुझी कंपनी दाखव. शेअर रिक्षात बसलो. रिक्षावाला म्हातारा, तिथलाच गाववाला. "बसा मावशी, सरकून बसा, आजून दोघं मावत्यात," म्हणत त्यानं एवढी माणसं भरली की एकाचं कोपर माझ्या कानात.

आणि मग बाप्पा, चाकणचा चौक! ट्रक, कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, मोटरसायकली, कांद्याचे टेम्पो, सगळे एकमेकांत असे अडकलेले की मुंगीला जायला वाट नाही. आणि खड्डे! असे खड्डे पाहून मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. मी टाळ्या वाजवल्या. एवढ्या श्रीमंत मुलुखात आपलेच खड्डे! रिक्षावाल्याला म्हटलं, "बाबा, इथं तर पैशाच्या राशी आहेत, रस्ता काहून नाही करत?"

"आवो मावशी, रस्ता आमदार म्हंतो नगरपरिषदेचा, नगरपरिषद म्हंती हायवेवाल्यांचा, हायवेवाला म्हंतो काम चालू हाय. तवर तुमी बसा की निवांत. गाणी लावू का?"

त्यानं गाणी लावली. मागच्या ट्रकनं हॉर्न लावला, त्याच्या मागच्यानंही. मला हसूच आवरेना. सरकार इथंही सापडत नाही, पण इथं माणसं राग हॉर्नवर काढतात. हॉर्न ऐकायला इथं कोणीतरी आहे, पगार महिन्याला होतो, रागावलेला माणूस संध्याकाळी वडापाव खाऊन झोपतो. आमच्याकडं रागाला जायला जागाच नव्हती. हे मी रिक्षात बसून ठरवलं, आणि माझा विचार मलाच इतका आवडला की रैनूला सांगितला. तो हसला नाही.

कंपनीच्या फाटकाशी उतरलो. आतल्या मैदानात खोदायची पिवळी मशीनं रांगेनं उभी, नवी कोरी, उन्हात चमकणारी. रैनू त्यांच्या हाताच्या नळ्या बसवतो, ज्यांच्यात तेल भरलं की हात वरखाली होतो.

"ही सगळी मशीनं तुम्ही बनवता?"

"हो. नळ्या आमच्या."

मग त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मला आठवलं. आमच्या नदीकडं येणाऱ्या रस्त्यावर आतल्यांनी असंच एक पिवळं मशीन जाळलं होतं. जाळणाऱ्यांत रैनू होता. रस्ता तिथंच राहिला, तो अजून तिथंच आहे. मी फाटकाच्या दांडीला धरून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि फाटकावरचा गार्ड घाबरून पाण्याची बाटली घेऊन धावला. रैनू म्हणाला, "आत्या, पुरे आता, सुपरवायझर पाहून राहिला."

पुनावळे

रविवारी निघालो. आधी पोरांनी मला पिंपरीपर्यंत मेट्रोत बसवलं. होय बायांनो, खरंच वरून जाते. खाली झाडांचे शेंडे, गच्च्यांवर वाळत घातलेल्या चड्ड्या, आणि आपण राणीसारखे गार वाऱ्यात. दरवाजा आपोआप उघडतो. मी दोन वेळा उतरून परत चढली, गंमत म्हणून. रैनू लाजेनं अर्धमेला झाला.

पुनावळं आधी गाव होतं म्हणतात. आता उंच उंच इमारती, आणि मधेच एखादा म्हशींचा गोठा उरलेला. मुलीच्या घरच्या इमारतीला लोखंडी फाटक, आणि फाटकावर खाकी शर्ट, पट्टा, टोपी, हातात दांडा असा वॉचमन. तो एकदम पुढं आला. "कोणाकडे? कुठून आलात? सोबत कोण?"

मी थांबली. पिशवी खाली ठेवली. दोन्ही हात दिसतील असे समोर धरले आणि एका दमात म्हणाली, "मला काही माहीत नाही जी. मी कोणाला पाहिलं नाही. आमच्या घरी कोणी आलं नव्हतं."

वॉचमनचा दांडा खाली. "अहो काकू, फ्लॅट नंबर विचारतोय!"

मागं टाळी वाजली. मुलीची आई कौसल्याबाई आम्हाला घ्यायला खाली आल्या होत्या आणि हसून हसून जिन्याच्या कठड्याला टेकल्या होत्या. रैनू मात्र पांढराफटक.

वर गेलो. छोटं घर, पण आरशासारखं लख्ख. बुद्धाची मूर्ती, समोर फुलं, कोपऱ्यात शिलाई मशीन. मुलीचे वडील दादाराव भोसरीच्या एका वर्कशॉपात वेल्डर. आयुष्य घणाच्या आवाजात गेलं, म्हणून बोलणं ओरडल्यासारखं. "या, या! बसा! पंखा लावा!" थंडीचे दिवस, तरी पंखा. भाकरी, वांग्याचं भरीत, असा ठेचा की माझ्यासारखीच्या डोळ्यांतून पाणी. मी मुंग्यांची चटणी काढली. कौसल्याबाईंनी विचारलं कशाची, मी सांगितलं, त्या क्षणभर थांबल्या, मग खाल्ली आणि आणखी मागितली. तेव्हाच माझ्या मनात त्या विहीण झाल्या.

जेवणं झाल्यावर त्यांना परत हसू फुटलं. "ताई, वॉचमनला असं का म्हणालात हो? कोणाला पाहिलं नाही म्हणे!"

सगळे हसले, मीही. स्वाती तेवढी हसली नाही. तिनं रैनूकडं पाहिलं. मी भोसरीहून चांगलं वाक्य ठरवून आली होती, गोड गोड, वळणं घेत. ते सगळं विसरली.

"आमच्याकडं वर्दी दिसली की पहिलं हेच निघते तोंडातून," मी म्हटलं. "पोलिसांची असो की आतल्यांची. दोघंही विचारतात, दुसरा आला होता का. हो म्हटलं तरी मार, नाही म्हटलं तरी मार. म्हणून लहानपणापासून हे पाठ. आणि जी, आमचा रैनू त्या आतल्यांत होता."

दादारावांनी पंखा बंद केला. एवढं शांत झालं की खालच्या म्हशी ऐकू आल्या.

"आतले म्हंजे नक्षलवादी?" ते म्हणाले. या माणसाला हळू बोलता येतं हे तेव्हा कळलं.

"हो."

कौसल्याबाईंनी लेकीकडं पाहिलं. "तुला माहीत होतं?" स्वातीनं मान डोलावली. आईनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडं तोंड केलं.

मग मी सगळं सांगितलं. माझ्या भावाला, रैनूच्या बापाला, पावसाळ्यात ताप चढला. खाटेवर घालून, नदी पार करून, चौघांनी दवाखान्यापर्यंत नेला. दवाखान्याला कुलूप. डॉक्टर नव्हता, नर्स सुट्टीवर, कुलपाची किल्ली कोणाकडं ते कोणालाच माहीत नाही. भाऊ त्या ओट्यावर गेला. रैनूची शाळा अशीच, गुरुजी झेंड्याच्या दिवशी यायचा. सरकारनं आम्हाला कधी विचारलं नाही की तुम्हाला काय पाहिजे. आतले आले आणि त्यांनी विचारलं, तुमचा राग कोणावर आहे? पोराला आयुष्यात पहिल्यांदा कोणी काही विचारलं होतं. तो गेला.

"मी त्यांची बाजू नाही घेत जी," मी म्हटलं. "त्यांनी आमच्या कोतवालाला खबऱ्या म्हणून नेलं, परत आणलं नाही. रस्ता नाही म्हणून भाषण करायचे आणि रस्ता करायचं मशीन जाळायचे. मला दोघांचाही राग येतो."

दादाराव रैनूकडं वळले. "तू होतास का रं मशीन जाळताना?"

"होतो."

"त्याच्यावर ऑपरेटर असंल."

"होता. झाडाला बांधला होता." रैनूचं तोंड उघडलं, आणि उघडलं तसं बंद होईना. "परभणीकडचा होता, बोलण्यावरून. त्यानं पाणी मागितलं. माझ्या खांद्याला बाटली होती. मी दिलं नाही. हुकूम नव्हता. सकाळी सोडला त्याला. मारला नाही. पण मी पाणी दिलं नाही. तेव्हापासून तिथं माझं मन लागलं नाही."

"माझा चुलतभाऊ चालवतो तसलं मशीन," दादाराव म्हणाले. "आमच्याकडची पोरं देशभर तीच मशीनं चालवायलीत." मग उभे राहिले, आवाज परत चढला. "आमच्या गावात काय व्हतं? पाणी न्हाई, काम न्हाई, शाळा लांब. वरून गावाबाहेर राहायचं. आमच्यावर काय कमी अन्याव झाला? आमी बंदूक न्हाई धरली. आमी एसटी धरली! एका पिशवीवर आलो इथं!"

"एसटी येत होती ना पण, दादाराव, तुमच्या गावात!" मीही ओरडली. राग आला होता मला, खोटं कशाला बोलू. "आमच्या गावात एसटी आली असती तर आमचाही पोरगा एसटीतच बसला असता! आमच्याकडं सगळ्यात आधी जो आला, त्याच्यामागं तो गेला. आधी बंदूकवाले आले. मग त्यांच्यामागं पोलिसांची गाडी आली. एसटी अजून यायची आहे!"

दादाराव खाली बसले. गुडघे चोळायला लागले. कौसल्याबाई भिंतीकडंच.

"एसटी कुठपर्यंत येती?" दादारावांनी विचारलं.

"तालुक्यापर्यंत. पुढं जीप, मग नदीत डोंगा, मग पायी."

"मंग मी तुमच्यासंगं येतो. पोरगी द्यायची तर घर बघाया जायाची आमच्यात पद्धत हाय. हो न्हाई ते बघून सांगंन."

"तिथं? जंगलात?" कौसल्याबाई एकदम वळल्या. "अहो, डोकं फिरलं का तुमचं!"

"घर हाय ना तिथं? मंग बघाया नको?"

रैनू हळूच म्हणाला, "मला येता येणार नाही."

"तुझं घर बघायचंय," दादाराव म्हणाले. "तुला रोजच बघतो."

आणि परत आमच्याकडं

त्यांना घेऊन येणं म्हणजे वरात घेऊन येणं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात बूट, आणि प्रत्येक थांब्यावर मोठ्यानं, "हे कोणतं गाव? इथं कंपनी न्हाई का?" कंपनी नाही ऐकलं की मान हलवायचे. जीपमध्ये त्यांच्या मांडीवर कोंबडी बसली आणि तिनं शर्टावर आशीर्वाद दिला. नदीत डोंगा हलला तर त्याच्या दोन्ही कडा घट्ट धरून बसले. कोरड्या मुलखातला माणूस, एवढं पाणी एका जागी पाहिलं नव्हतं म्हणे. काठावर उतरले, बुटातलं पाणी ओतलं, आणि जळक्या मशीनचा सांगाडा दाखवा म्हणाले. त्याच्यावर वेली चढल्या आहेत. त्यांनी नळीचं एक जळलेलं तोंड हात लावून पाहिलं.

गावात मी त्यांची अंगणवाडीचे साहेब म्हणून ओळख करून दिली. कोणाचा विश्वास बसला नाही. वहिनीनं पाय धुवायला पाणी दिलं, भात, मोहाचा लाडू दिला. त्यांनी घर पाहिलं: कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण, रैनूच्या बापाची खाट अजून आढ्याला टांगलेली. त्या खाटेखाली ते बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "फोनला रेंज कुठं येती?"

रेंज फक्त शाळेमागच्या टेकडीवर. दिवस कलायला लागला होता. वहिनी, दादाराव आणि मी चढलो. खाली सगळं गाव अंगणात बसलेलं, आमच्याकडं पाहत. मी आधीच बजावलं होतं, इथं त्याचं नाव घेऊ नका. आतले आता विरळ झालेत, पलीकडं पोलिसांचा कॅम्प आहे, तरी आमच्या जिभेची सवय गेली नाही. वहिनीनं तर कित्येक वर्षांत ते नाव अंगणातही उच्चारलं नव्हतं. तिच्यासाठी तो 'पाहुणा'.

दादारावांनी फोन कानाला लावला. वर्कशॉपातला माणूस तो, आणि रेंज आणखी कच्ची.

"हॅलो! रैनू! आरं रैनू! ऐकू येतंय का? बघितलं घर! रैनू, घर चांगलं हाय! जावई, तारीख काढा!"

ते नाव टेकडीवरून थेट गावात उतरलं. खाली एकही माणूस हलला नाही. मी वहिनीकडं पाहिलं. तिनं तोंडावर हात घट्ट दाबला होता, आणि तिचे खांदे हलत होते. रडते की काय म्हणून मी धरायला गेली, तर तिनं मला ढकललं, दादारावांच्या हातून फोन ओढला आणि गावाकडं तोंड करून, पोटातून, जेवढा जोर होता तेवढ्यानं ओरडली, "रैनू! रैन्या रे! मी तुझी माय बोलून राहिली!"

खालच्या अंगणातून कोणीतरी विचारलं, "कसा आहे तो?"